जुन्या शेडमध्ये रंगमंच उभारताय? या चुका टाळा

पुण्यात नाटकवाल्यांना, गाणाऱ्यांना, चित्रकारांना परवडणारी जागा मिळत नाही, आणि भोसरी-चिंचवडपासून हडपसर-मुंढव्यापर्यंत कितीतरी शेडना कुलूप लागलेलं दिसतं. या दोघांची गाठ पडली तर शहराचं भलंच होईल. असं घडणं आपल्याकडे नवंही नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलमध्ये एकेकाळी कापड निघायचं, आज त्या आवारात लोक जेवायला आणि गाणी ऐकायला जातात.

तरीही अशा कामांत पैसा वाया जातो, आणि कधीकधी पैशापेक्षा मोठं नुकसान होतं. त्याची कारणं ठरलेली आहेत. कारखान्यात चाळीस-पन्नास माणसं काम करायची. वर्षानुवर्षं तीच माणसं, बहुतेक दिवसाउजेडी, आणि त्यांना शेडचा कोपरा न् कोपरा पाठ असायचा. आता त्याच शेडमध्ये रात्री, दिवे मालवल्यावर, पाचशे अनोळखी माणसं बसणार आहेत. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

शेड आवडली म्हणून टोकन देऊन मोकळं होणं

उंच छप्पर, लोखंडी खांब, वरून येणारा उजेड पाहिला की माणूस भुलतो. पण पहिला प्रश्न हा विचारायचा की ही जमीन कोणाच्या हद्दीत येते. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आणि तीन कॅन्टोन्मेंट एवढ्या यंत्रणा इथे शेजारी शेजारी आहेत. रस्त्याच्या अलीकडे एकीची परवानगी लागते, पलीकडे दुसरीची. एमआयडीसीचे भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले असतात. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही करार करताय तो बहुतेक वेळा स्वतःच भाडेकरू असतो. त्याला पोटभाडेकरू ठेवायची आणि वापर बदलायची मुभा आहे का, हे कागदावर बघा. 'आपण बघू, होऊन जाईल' या शब्दावर विसंबू नका.

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. शेडला मागाहून जोडलेला पोटमाळा, पुढे काढलेली पत्र्याची पडवी, बाजूच्या मोकळ्या जागेवर टाकलेलं छप्पर यातलं बरंचसं मंजूर नकाशात नसतं. नकाशात नसलेल्या पोटमाळ्यावर प्रेक्षक बसवायचा विचारही करू नका.

कामगारांची देणी राहिली आहेत का आणि त्यावरून कोर्टात काही चालू आहे का, याचीही चौकशी करा. हा कायदेशीर सावधपणा झाला. त्यापलीकडे मला हेही महत्त्वाचं वाटतं की ज्यांनी तिथे तीस-तीस वर्षं पाळ्या केल्या, त्यांचे पैसे थकलेले असताना त्याच भिंतींमध्ये मैफल रंगवणं बरं नाही.

विजेच्या बिलाकडे काणाडोळा

शेडला थ्री फेज जोडणी असते, मंजूर भारही भरपूर असतो, त्यामुळे सगळे खूश असतात. पण ती जोडणी औद्योगिक दराची असते. औद्योगिक जोडणीवर नाटक, मैफल किंवा कॅफे चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि मग आकारणी दुप्पट दराने होते. ती मागच्या काळाचीही निघते. वर्षभर कसाबसा ताळेबंद जुळवलेला असताना असं बिल आलं तर छोटी संस्था त्यातून उठत नाही. करार झाला की पहिल्याच महिन्यात महावितरणकडे वर्गवारी बदलायचा अर्ज टाका.

पत्र्याला फोम चिकटवला की आवाज अडतो हा समज

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, आणि सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम आणि आवाज आत घुमू न देणं हे दुसरं. फोम दुसरं काम थोडंफार करतो, पहिलं अजिबात करत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार किलो भरतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन चारशे किलोच्या वर जातं. म्हणून भिंत साधारण ५० डेसिबल अडवते आणि पत्रा २० च्या आसपास. ढोल, बेस गिटार, डीजेचा सबवूफर अशा खर्जातल्या आवाजांना तर पत्रा अडवतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता हिशेब करा. आत १०० डेसिबलचा कार्यक्रम चालू आहे. पत्र्याबाहेर ८० येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर स्पीकरचा आवाज ७५ डेसिबल किंवा त्या परिसरासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त, यांतला जो कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. शेजारी वस्ती असेल तर पहिल्याच रात्री पोलीस दारात उभे राहतील. रात्री दहानंतर स्पीकर लावायचा तर जागा बंदिस्त हवी. वर जाळीच्या खिडक्या उघड्या आणि पत्र्याखाली वीतभर फट, अशा शेडला बंदिस्त कोण म्हणेल?

फटींचं गणित तर फार निष्ठुर आहे. भिंत कितीही जाड केलीत आणि तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी जागा उघडी राहिली, तर ती सबंध भिंत २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. आधी फटी बुजवा. भिंत आणि छप्पर यांच्यामधली जागा, पंख्यांची भोकं, केबलसाठी फोडलेले गाळे. रोलिंग शटर म्हणजे आवाजाच्या दृष्टीने उघडं दारच. त्याच्या आत स्वतंत्र भिंत उभारा आणि येण्याजाण्याला दोन दारांची छोटी खोली ठेवा, म्हणजे एक दार उघडलं तरी दुसरं बंद राहतं. छपराखाली, छपराला कमीत कमी ठिकाणी टेकणारं, जिप्सम बोर्डच्या दोन थरांचं आणि मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरलेलं दुसरं छत करावं लागतं. त्याचं वजन जुन्या कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्यांवर, टाकायचं नाही, त्याला स्वतःचा सांगाडा द्यायचा. खर्च मोठा आहे, पण निम्मं काम करून निम्मा आवाज अडत नाही. तेवढी ऐपत नसेल तर खुशाल ठरवा की इथे फक्त नाटक, अभिवाचन आणि स्पीकरशिवायच्या मैफली होतील. ते मला जास्त पटतं.

आणि फोमचा धोका. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये एका जुन्या बुटांच्या कारखान्यात कोलेक्टिव नावाचा क्लब होता. ३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री मंचावरच्या आतषबाजीची ठिणगी ध्वनिरोधक म्हणून लावलेल्या फोमवर उडाली. आग काही क्षणांत छतभर पसरली आणि बाहेर पडायला धड वाट नव्हती. त्या रात्री आणि नंतर इस्पितळात मिळून ६४ माणसं गेली. उघडा पॉलियुरेथेन फोम भिंतीला किंवा छताला लावू नका. साउंडवाल्याने स्वस्तात आणून दिला तरी नाही, 'तात्पुरता' म्हणून तर नाहीच नाही. रॉकवूल किंवा ग्लासवूल, त्यावर न पेटणारं कापड आणि लाकडाच्या पट्ट्या, एवढ्यात उत्तम काम होतं.

आवाज घुमतो, वाक्यं कळत नाहीत

रिकाम्या शेडमध्ये टाळी वाजवून बघा. चाळीस मीटर लांब, पंधरा रुंद आणि आठ उंच शेड घेतली तर आतली हवा ४८०० घनमीटर होते. कोबा, विटा, पत्रा यांतलं काहीच आवाज शोषत नाही. सरासरी ६ टक्के शोषण धरलं तर आवाज विरायला सहा सेकंदांच्या वर वेळ लागतो. पाचशे प्रेक्षक बसले की तो सव्वादोन-अडीच सेकंदांवर येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे बरंच शोषतात. पण संवादांच्या नाटकाला एक सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी आणखी तीनशे-चारशे चौरस मीटर चांगलं शोषणारं अस्तर लागतं, म्हणजे छताचा निम्मा भाग तरी.

इथे हमखास होणारी चूक अशी की तालमीत आवाज घुमला म्हणून सगळ्या नटांना माईक लावले जातात. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की घुमणं वाढतं, शब्द आणखी विरघळतात. आधी छत आणि मागची भिंत झाका. मंचासमोरची मागची भिंत सगळ्यात वाईट, कारण तिच्यावरून परत आलेला आवाज नटाला स्वतःचंच वाक्य उशिरा ऐकवतो. खयाल गायकीला थोडा घुमार लागतो, म्हणून दोन्ही करायचं असेल तर बाजूच्या भिंतींवर सरकते जाड पडदे ठेवा. नाटकाला ओढायचे, गाण्याला उघडायचे.

कैचीला दिवे टांगणं

छपराच्या लोखंडी कैच्या दणकट दिसतात. त्या दणकट आहेत, पण कशासाठी? पत्रा, वारा आणि दुरुस्तीला चढलेला एखादा माणूस यांच्यासाठी. ज्या पत्र्याच्या छपरावर एरवी कोणी जात नाही, त्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे ७५ किलो एवढाच चल भार धरलेला असतो, आणि उतार वाढला की तोही कमी होतो. तुमचा लाईट बार, चार हलते दिवे, दोन्ही बाजूंचे स्पीकर आणि एलईडी भिंत हे वजन त्या हिशेबात कधीच नव्हतं. त्यात पन्नास वर्षांचा गंज. पन्हळीजवळ कैची जिथे खांबाला टेकते तिथे रंगाखाली लोखंडाचे पापुद्रे सुटलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं तर ती कैची आधी दुरुस्त करून घ्या.

मग टांगायचं कुठे? ज्या शेडमध्ये पूर्वी क्रेन होती तिथे उत्तर समोरच असतं. क्रेन ज्या रुळांवर चालायची त्यांचे गर्डर आणि खांब पाच-पाच टन हलतं वजन पेलायला बांधलेले असतात. दोन्ही बाजूंच्या गर्डरांवर आडव्या तुळया टाकल्या की उत्तम लाईट ग्रिड तयार होते, आणि छपराला हातही लावावा लागत नाही. अर्थात स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, लेखी घेऊनच. गर्डर नसतील तर जमिनीवर उभे राहणारे टॉवर वापरा. फारच हलकं काही कैचीलाच टांगायचं असेल तर जिथे पट्ट्या एकत्र येतात त्या सांध्यावर टांगा, दोन सांध्यांच्या मध्ये नाही.

फार जुन्या गिरण्यांमध्ये ओतीव लोखंडाचे गोल खांब असतात. त्यांना वेल्डिंग करू नका. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, तापून निवताना तडकतं, आणि तो तडा लगेच दिसतही नाही. पट्टा आवळून क्लँप लावा. रेलिंगपासून फलकापर्यंत सगळं त्याच्यावर बसवता येतं.

बाहेर पडायला एकच दार

मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये २ डिसेंबर २०१६ ला एका गोदामात कलाकारांनी भरवलेल्या कार्यक्रमात ३६ जण गेले. तिथल्या एका जिन्याचा काही भाग तर लाकडी पॅलेट जोडून केला होता. ती आपल्यासारखीच कलेवर जीव असलेली, पैशाची ओढाताण असलेली माणसं होती. म्हणून मी याबाबतीत कसलीही तडजोड ऐकून घेत नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ५० किंवा त्याहून जास्त माणसं एकत्र जमणारी इमारत 'असेंब्ली' या गटात जाते, आणि त्या गटात बाहेर पडायचं दार किमान दोन मीटर रुंद हवं. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत. कारखान्याची दारं सरकती असतात, शटर वर जातं, आणि वीज गेली की मोटरचं शटर तिथेच अडकतं. कार्यक्रम चालू असताना शटर पूर्ण वर आणि खाली येणार नाही असं वरच कुलूप लावून पक्कं केलेलं असलंच पाहिजे, किंवा त्याला बाहेर पडायची वाट म्हणून धरायचंच नाही. दुसरी वाट पहिलीच्या शेजारी नको, समोरच्या टोकाला हवी. मंचाच्या मागे नेपथ्याच्या उभ्या चौकटी (फ्लॅट) रचून ती बुजवली जाणार नाही यासाठी जमिनीवर पिवळा पट्टा मारा, आणि प्रयोगाआधी ती वाट चालून बघायचं काम एका माणसाला नावानिशी द्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. एकदा एनओसी मिळाली की काम संपलं असं नाही. आणि दुचाक्या! फाटकाच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की बंब वळत नाही. पार्किंगची आखणी बंबाच्या वाटेपासून सुरू करा, उरलेल्या जागेत गाड्या.

जुनेपण घासून काढणं

विटांची भिंत 'मोकळी' करायची म्हणून सँडब्लास्टिंग केलं जातं. भट्टीत भाजताना विटेवर कडक पापुद्रा येतो, तो त्यात उडतो. मग पहिल्या पावसात वीट पाणी पिते आणि हाताला भुकटी लागते. मऊ ब्रश, पाणी आणि सबुरी, एवढंच लागतं.

दुसरी चूक सिमेंटची. इंग्रजी अमदानीतल्या पुण्याच्या इमारतींत काळा दगड चुन्यात बसवलेला असतो. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, आणि लोणा (ओलीबरोबर येणारा खार) शेजारच्या वीट-दगडावर फुटतो. चुन्यातच दर्जा भरा. ते काम जाणणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात.

भिंतीवरचे मराठीतले सूचनाफलक, मशीनचे नंबर, पाळ्यांच्या वेळा या खुणा शक्य तिथे राहू द्या. त्यावर 'इंडस्ट्रियल लूक'चं नवं खोटं पाइपकाम चढवायची गरज नसते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये वीजकेंद्राचा टर्बाइन हॉल जवळजवळ रिकामाच ठेवला, आणि २००० पासून त्याच रिकामेपणात मोठमोठी कामं उभी राहिली.

छप्पर, पाऊस आणि जमीन

करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल तर त्याच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणून दिवसभर सारखा उजेड मिळतो. चित्रं-शिल्पांना तो अमृतासारखा आहे, दुपारच्या नाटकाला मात्र आधी काळे पडदे हवेत. अशा छपराची गळती दोन दातांमधल्या पन्हळीत असते. पत्रा ठीक असतो आणि पानं अडकून पन्हळ भरून वाहते. वरून डांबर फासत बसण्याआधी मे महिन्यात पन्हळी साफ करा आणि पाणी सोडून बघा. मुसळधार पाऊस पत्र्यावर पडायला लागला की स्वगत संपलंच, त्यामुळे वर सांगितलेलं दुसरं छत नसेल तर जून ते सप्टेंबर बोलकी नाटकं लावू नका.

सिमेंटचा जुना राखाडी पत्रा ॲस्बेस्टॉसचा असायची दाट शक्यता. त्याला भोकं पाडणं, कोरडा कापणं, तोडून खाली टाकणं, सगळं बंद. तंतू छातीत जातात आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. काढायचाच तर ओला करून, अख्खा, जाणकार माणसांकडून.

कोबा तेल प्यायलेला असेल तर त्यावरचा इपॉक्सीचा लेप सहा महिन्यांत सालीसारखा निघतो. पाण्याचे थेंब टाका. गोल होऊन बसले तर तेल आहे, आत शिरले तर ठीक. ओल आहे का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली पाणी जमलं तर आधी ओलीचं बघा. शेडमध्ये प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, काम चालत असेल तर जमिनीत क्रोमियम मुरलेलं असू शकतं. तिथे माती तपासल्याशिवाय फरशी उकरू नका, लहान मुलांचं शिबिर तर घेऊच नका.

एसी, गुणगुण आणि बाकीचं

एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. पाचशे माणसांची मिळून झाली ५० किलोवॅट, म्हणजे फक्त माणसांसाठीच १४ टन एसी. एप्रिलमधलं छपराचं ऊन त्यात धरलेलं नाही. स्पीकरमध्ये गुणगुण येत असेल तर डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि साउंड वेगळ्या फेजवर घ्या, साउंडच्या सगळ्या वस्तूंना एकाच ठिकाणचं अर्थिंग द्या, आणि अर्थिंगची वायर कापून गुणगुण घालवणाऱ्या माणसाला परत बोलावू नका. स्वच्छतागृहं कारखान्यात पुरुषांच्या हिशेबाने बांधलेली असतात. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं, म्हणून बायकांसाठी निम्म्याहून जास्त ठेवा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको.

शेवटची चूक पैशाच्या नियोजनातली. शनिवार-रविवारच्या प्रयोगांवर भाडं निघेल असं धरलं जातं. ते निघत नाही. सोमवार ते शुक्रवार जागा तालमींना द्या. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी कॉलेजची पोरं तालमीला जागा शोधत वणवण फिरत असतात. त्यांना वातानुकूलन नको असतं, मंचाच्या मापाची जमीन, दोन दिवे, पिण्याचं पाणी आणि उशिरापर्यंत उघडं राहणारं फाटक हवं असतं. दर तासावर ठेवा, भोसरी-हडपसरहून शेवटची बस केव्हा सुटते ते दारावर लिहून लावा, आणि नेपथ्य ठेवायला एक कोपरा फुकट द्या.